पियानोची खरी किंमत

सूरमास्तर म्हणजे पियानो दुरुस्त करणारे म्हातारे कारागीर. हात सोन्याचा, तोंड फटकळ. कारखानदाराच्या दिवाणखान्यातल्या पियानोचं झाकण उघडून त्यांनी तारांच्या खुंट्या एकेक करून पिळून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. निम्म्या खुंट्या सैल!

"चाळीस हजार. वर एक छदाम नाही."

"मास्तर, किमतीच्या दाखल्यावर पाच लाख लिहा," कारखानदार शांतपणे म्हणाला. "अंधशाळेला दान द्यायचाय. पाच लाखांच्या दानावर माझा दीड लाख कर वाचतो, चाळीस हजारांवर जेमतेम बारा. त्यापेक्षा विकलेला काय वाईट?"

वा रे दानशूर! देऊनही याचाच फायदा! पण त्या शाळेत मास्तरांची मुलगी संगीत शिकवायची. पियानो येणार म्हणून ती मुलांना सांगूनही बसली होती. एका सहीचं तर काम होतं. पण उभ्या जन्मात त्यांनी खोटा दाखला दिला नव्हता. त्यांनी चाळीस हजार लिहिले, खाली सही ठोकली.

"मग राहिलं दान," कारखानदार म्हणाला.

"मला विका. पंचवीस देतो."

कारखानदार खो खो हसला. "अहो, किंमत तुम्हीच लावलीत! शाई तरी वाळू द्या."

घ्या! आपल्याच हातांनी पायावर धोंडा. आता घासाघीस करायला तोंड कुठे होतं? म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेले चाळीस हजार मास्तरांनी मुकाट्याने मोजले. पुढे महिनाभर खपून त्यांनी खुंट्या बदलल्या आणि पियानो शाळेत पोचवला. मुलं त्याला नुसती चिकटली.

ऑफिसातल्या कारकुनाने पावतीपुस्तक काढलं. "काका, पावती जपून ठेवा बरं. करात सूट मिळते."

"सूट मिळायला आधी कर भरण्याइतकी कमाई लागते, बाबा! माझी कुठली तेवढी? उगाच कागद कशाला वाया घालवता?"

कारकुनाने पुस्तक मिटलं. दारात उभ्या असलेल्या मास्तरांच्या मुलीला तेव्हा कुठे कळलं, की पियानो कारखानदाराने दिलेला नाही. ती आत आली.

"बाबा, एका शब्दाने बोलला नाहीत?" मग तिने ते पुस्तक पुन्हा कारकुनापुढे सरकवलं. "लिहा. त्यांना सूट नको असेल, पण माझ्या बाबांचं नाव या शाळेत लिहिलेलं मला हवंय."