दुभाषीबाईंची मागणी

दुभाषीबाई उभ्या राहिल्या, चष्मा नाकावर नीट बसवला आणि समोरच्या सतरा जणांकडे बघून म्हणाल्या,

"मला तीन आठवड्यांपासून लघवीला जळजळ होते."

प्रशिक्षकांनी हातातला खडू खाली ठेवला. ते स्वतः एके काळी कोर्टात दुभाषी होते, त्यामुळे त्यांना धक्का बसला नाही. वाईट मात्र वाटलं.

"बाई, स्वतःबद्दल एक वाक्य बोला, असं म्हणालो होतो मी."

"हो. पण 'मला' म्हटल्यावर तेच तोंडात आलं."

हशा पिकला, पण तो टिंगलीचा नव्हता. बसलेले सगळेच निरनिराळ्या दवाखान्यांतले दुभाषी होते. बाईंच्या आधी उठलेल्या मिशाळ गृहस्थांनी तर "मला सातवा महिना लागलाय" असं ठणकावून सांगितलं होतं.

दोष त्यांचा नव्हता, धंद्याचा नियमच तसा होता. रोगी 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. रोगी पुरुष असला की बाई बिनदिक्कत 'मी आलो, मी पडलो' म्हणत. एकोणीस वर्षांत त्या चारशे वेळा बाळंत झाल्या होत्या, त्यांचं पित्ताशय कितीदा तरी काढून झालं होतं, आणि गेल्याच मंगळवारी त्यांचं प्रोस्टेट सुजलं होतं. स्वतःचं काही बोलायची मात्र सवयच राहिली नव्हती. घरी "तुला काय हवं?" असं विचारलं, तरी त्या आधी बाकीच्यांना काय हवं ते सांगत.

दोन दिवसांच्या त्या प्रशिक्षणाचं नाव होतं 'नेतृत्व'. शेवटच्या तासाला प्रशिक्षकांनी काम नेमून दिलं. आठ दिवसांत आपल्या दवाखान्याच्या प्रमुखाला भेटायचं आणि रोग्यांच्या भाषेसाठी एक गोष्ट मागायची.

"एकच मागा," ते म्हणाले. "दहा मागितल्या की साहेब अकरावी देतात. तिला आश्वासन म्हणतात."

काय मागायचं ते बाईंना शोधावं लागलं नाही. गेले दोन आठवडे ते त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं.

डोंगरापलीकडून एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती झाले होते. दवाखान्याची भाषा त्यांना येत नव्हती, आणि त्यांची भाषा वॉर्डात कोणाला येत नव्हती. सफाईवाल्या मावशींना मात्र बाजारहाटापुरते पंचवीस-तीस शब्द येत होते, म्हणून नर्सने त्यांनाच हाक मारली. "ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही," हे मावशींनी जमेल तसं सांगितलं. आजोबांपर्यंत पोचलं ते एवढंच: खायचं नाही. ऑपरेशन गुरुवारी होतं. त्यांनी सोमवारपासूनच तोंड बंद केलं. जेवणाचं ताट येई, ते हात जोडत आणि ताट परत जाई. धर्माचं काही असेल, असं समजून कोणी आग्रह केला नाही.

बुधवारी दुपारी ते मोरीपाशी कोसळले. मग मेंदूचा फोटो निघाला, हृदयाचा आलेख निघाला, रक्ताच्या नऊ कुप्या तपासायला गेल्या. चार डॉक्टर खाटेभोवती गोळा झाले. शेवटी कोणाला तरी आठवलं की आपल्याकडे दुभाषी आहे.

बाई आल्या, खाली वाकल्या. आजोबा दोनच शब्द बोलले.

"भूक लागलीय," बाईंनी डॉक्टरांना सांगितलं.

"तुम्हाला?" एका डॉक्टरांनी विचारलं.

त्या आठवड्यात दवाखान्यात ही गोष्ट सगळ्यांनी हसून हसून सांगितली. बाईही हसल्या. पण त्यांची खोली त्या वॉर्डापासून बावन्न पावलांवर होती. एका संध्याकाळी त्यांनी ती मोजली होती.

भेटीच्या आदल्या दिवशी त्यांनी नवऱ्यासमोर सराव केला. नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाच्या आतड्यांत शिरला होता.

"तुम्ही साहेब व्हा."

"झालो," तो मान वर न करता म्हणाला. "पगारवाढ मिळणार नाही."

"अहो, मी अजून तोंडही उघडलेलं नाही!"

"साहेब तेवढी वाट बघत नाहीत. बोल."

बाईंनी श्वास घेतला. "रोग्यांचं असं म्हणणं आहे की..."

"रोगी कुठायत?" नवऱ्याने भिंग काढून खोलीभर बघितलं. "इथे तर तूच आहेस."

बाई चिडून चहा टाकायला उठल्या. तेव्हाच त्यांनी ठरवलं, आजोबांनाच बरोबर न्यायचं. ऑपरेशन मागाहून नीट पार पडलं होतं, टाके काढायला ते यायचेच होते. जे काय म्हणायचं ते त्यांनी म्हणावं. आपण आपलं नेहमीचं काम करावं. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

साहेबांच्या टेबलावर फायलींची चळत होती. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता.

"पाच मिनिटं," ते म्हणाले आणि सह्या करत राहिले.

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. बाई त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहून बोलू लागल्या.

"मी तीन दिवस उपाशी होतो. मला वाटलं, इथली रीतच असेल. मी मोरीपाशी पडलो. डोक्याला लागलं. मग या बाई आल्या आणि मला पेज मिळाली."

तेवढ्यात शिपाई चहा-बिस्किटं ठेवून गेला. आजोबांचं सांगून झालं होतं. त्यांनी बशी पुढे ओढली.

बाईंचं बोलणं मात्र थांबलं नाही.

"मी मावशींना बोल लावत नाही. त्यांना कोबी केवढ्याला ते सांगता येतं, ऑपरेशन सांगता येत नाही. त्यांनी तरी काय करावं? पण मेंदूचा फोटो काढायला तुमच्याकडे माणूस होता, आणि जेवलात का, हे विचारायला नव्हता. खरं तर होता. बावन्न पावलांवर होता. मी ते तिन्ही दिवस माझ्या खोलीत बसून शब्दकोडं सोडवत होते. उभे शब्द झाले, आडवे शब्द झाले, आणि मला कोणी हाकसुद्धा मारली नाही."

साहेबांचं पेन थांबलं.

"होते?" ते म्हणाले. "मघापासून 'होतो' चाललं होतं."

बाईंनी खाली बघितलं. आजोबा तिसरं बिस्कीट चहात बुडवत होते. बिस्कीट तुटून कपात पडू नये, याकडे त्यांचं सगळं लक्ष होतं.

"आजोबांचं बोलणं बशी आली तेव्हाच संपलं," बाई म्हणाल्या.

"मग हे कोण बोलत होतं?"

"मी."

साहेब मागे रेलून बसले. बाईंना वाटलं, आता हाकलतील. मग सुचलं, हाकलणारच असतील तर निदान सगळं सांगून तरी जावं.

"ज्याला आपली भाषा येत नाही, त्याला ऑपरेशनचं काहीही सांगायचं असेल, त्याची सही घ्यायची असेल, तर दुभाष्याला बोलवायचंच. आठवलं तर नाही, बोलवायचंच. तसा तुमच्या सहीचा हुकूम हवा मला."

"किती दुभाषी आहात तुम्ही?"

"दोघी. दुसरी दुपारी येते."

"पुरणार नाही."

"आता तरी कुठे पुरतं आहे?"

साहेबांना हसू आलं. त्यांनी ते मिशीत लपवलं. एक कोरा कागद ओढून त्यांनी चार ओळी लिहिल्या. "शस्त्रक्रियेच्या दोन्ही वॉर्डांत. तीन महिने करून बघू. पुढचं पुढे."

बाहेर बाकावर बसल्यावर आजोबांनी विचारलं, "मी एवढुसं बोललो, आणि तू केवढं बोलत होतीस! माझ्या नावावर काय काय खपवलंस?"

बाईंनी शब्दन् शब्द त्यांच्या भाषेत सांगितला, शब्दकोड्यासकट. आजोबा मान डोलवत ऐकत राहिले.

"बरं बोललीस," ते म्हणाले. "पण मुख्य राहिलं की. फाटकापासून वॉर्डापर्यंत पाट्याच पाट्या, आणि एक मला वाचता येईल तर शपथ. आज टाके काढायला आलो, तर आधी बाळंतिणींत जाऊन बसलो. अर्ध्या तासाने उठवलं मला."

बाई खो खो हसल्या. मग हसू ओसरलं. हातातल्या हुकुमाची घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवली.

"तुम्ही बसा इथेच," त्या म्हणाल्या आणि त्यांनी साहेबांचं दार पुन्हा वाजवलं.

दार उघडलेलं पाहून साहेबांनी आधी बाईंच्या मागे बघितलं, आता कोणाला आणलंय म्हणून. मागे कोणीच नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण घातलं आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.