विचारलं तेवढंच

आमच्या घरात बोलायच्या आधी गप्प बसायला शिकवतात. बाबा वकील, आजोबा वकील, आत्यासुद्धा वकील. "विचारलं तेवढंच बोला, जास्त बोलला तो मेला!" हे बाबा प्रत्येक अशिलाकडून साक्षीआधी घोकून घ्यायचे. निकालाऐवजी पुन्हा तारीख पडली की तेच अशील आमच्या दारात बसून त्या तारखेच्या नावाने बोटं मोडायचे.

हेच बाळकडू घेऊन मी परदेशात आले. कायद्याचं शेवटचं वर्ष. आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज लढवणाऱ्या कचेरीत सहा महिने काम करायचं आणि अनुभवाचं प्रमाणपत्र घेऊन परतायचं. तिथे आश्रयाचा अर्ज घेऊन शिवणकाम करणारी एक बाई आली होती, सगळे तिला टेलरताई म्हणायचे. तिची भाषा मला थोडीफार यायची, म्हणून तिथल्या वकील मॅडमनी सुनावणीसाठी तिला तयार करण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. नवरा गेल्यावर दीर मारायचा, म्हणून ताई लेकीला घेऊन पळून आली होती. अर्ज फेटाळला तर मायलेकी परत त्याच्याच तावडीत.

ताई बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. दिरावरून शिलाई मशीनवर, मशीनवरून लेकीच्या शाळेवर. मध्येच म्हणाली, "आणि गावच्या पोलीस ठाण्याचा साहेब कोण? तोच मेला, माझा दीर!" तिथून गाडी पुन्हा मशीनवर. माझं डोकं फिरलं. "ताई, पाल्हाळ पुरे! विचारतील तेवढंच सांगायचं." तिने शहाण्यासारखी मान हलवली.

सुनावणीची खोली लहानशी. टेबलापलीकडे निर्णय देणारे साहेब, शेजारी दुभाष्या, अलीकडे ताई आणि मॅडम. मी मागच्या खुर्चीवर. विद्यार्थ्यांनी आत चकार शब्द काढायचा नाही. काढला तर कचेरीचं ओळखीचं कार्ड जमा आणि काम बंद.

"पोलिसांत तक्रार केलीत?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

साहेब पेन धरून थांबले. ताईही थांबली. मग तिने वळून माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांत चक्क अभिमान! बघ, किती थोडक्यात बोलले.

अहो बाई, का नाही केली ते सांगा ना! शब्दांत पकडायला इथे विरुद्ध बाजूचा वकीलच नव्हता. साहेब स्वतः विचारत होते आणि माणूस आपणहून सांगेल म्हणून वाट बघत होते. त्या बाईला मी भलत्याच कोर्टासाठी तयार केलं होतं. मी मॅडमच्या पाठीत पेन टोचलं. त्यांनी माशी हाकलावी तसा हात झटकला.

"आणखी काही सांगायचंय?"

"नाही," ताई म्हणाली. साहेब फाईल मिटायला लागले.

प्रमाणपत्र गेलं खड्ड्यात! मी ताडकन उठले. "ताई, मी चुकीचं शिकवलं तुम्हाला! ठाण्याचा साहेब कोण ते सांगा. सगळं सांगा!"

साहेबांनी मला दाराकडे बोट दाखवलं.

बाहेर मी येरझारा घालत राहिले. बसले, उठले, नको असताना पाणी प्यायले. बाबांचा मेसेज आला, "कशी झाली सुनावणी? गप्प बसलीस ना?" मी फोन पर्समध्ये कोंबला. दारामागून ताईचा आवाज येत होता. मशीन, शाळा, दीर, पुन्हा मशीन. ते पाल्हाळ मी कीर्तनासारखं कान लावून ऐकत होते.

शेवटी मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मी कार्ड दिलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" त्या भयंकर चिडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

"मला ते पाल्हाळ वाटलं," मी म्हणाले. "आत काय झालं?"

"आज निर्णय नाही. दिराची चौकशी करणार आहेत. पुढची तारीख पडलीय."

तारीख पडली! म्हणजे अर्ज फेटाळला नाही! मी भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागले. तेवढ्यात ताई बाहेर आली, माझा अवतार बघून घाबरली आणि हळूच म्हणाली, "चुकलं का गं माझं? जरा जास्तच बोलले."