छपरावरून ऐकलेली कुस्ती

वाटीवर चमचा खणकन आपटला आणि दुपारची शांतता मोडली. बाबांना जेवण पुरे झालं की ते असंच सांगत. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची जीभ जड झाली होती.

"दोनच घास राहिलेत, बाबा. संपवा की."

खणकन.

"बरं बाई, तुमचंच खरं," म्हणत तिने वाटी बाजूला ठेवली, त्यांची हनुवटी पुसली आणि ती खिडकीशी शर्टांच्या ढिगाकडे वळली. शाळेच्या गणवेशांना काजं करून द्यायचं काम ती घरी आणत असे. आधी दुकानात जायची. पण बाबांना कूस बदलून द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी कोण, हे तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिची लेक पायाशी बसून बटणांची रांग लावत होती.

तेवढ्यात दार ढकलून तिचा धाकटा भाऊ आत आला. खांद्यावर बॅग, हातात खाऊचा पुडा, तोंडभर हसू.

"काय चॅम्पियन, पडूनच? उठा, घंटा झाली!"

बाबांनी मान वळवली. अर्ध्या चेहऱ्याने का होईना, पण ते हसले. "पै... पैलवान!"

अख्खा शब्द! सकाळपासून तिने अंग पुसलं, कपडे बदलले, औषध भरवलं. तिच्या वाट्याला चमचा. आणि हा सहा-सहा महिन्यांनी पाहुण्यासारखा उगवणार, त्याच्या वाट्याला शब्द. तिने सुई अशी काही ओढली की दोराच तुटला.

"ताई, किती वाळलीस गं! जेवतेस की नाही?"

"जेवते की. वेळ मिळाला की."

टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला. तो पलंगावर बाबांना चिकटून बसला, भाचीला मांडीवर ओढलं आणि खिशातून फोन काढला. "बघा, काय सापडलंय. आपल्या वेळच्या कुस्त्या! सगळ्या आहेत."

फोनमधून गर्दीचा गोंगाट उसळला. बाबांचा चांगला हात गादीवर आपटायला लागला. एक... दोन... "मामा, तो जाडा का रडतोय?" लेकीने विचारलं. "नाटकं गं! आता बघ पाठ फिरली की कसा डाव टाकतो." बाबा हसले. खळखळून, थुंकी उडेपर्यंत. ते हसू तिने या घरात आणलेल्या कुठल्याच गोष्टीला मिळालं नव्हतं. ना मऊ भाताला, ना नव्या चादरीला, ना नातीच्या गाण्याला.

"ये ना ताई, बघ. आठवतं ना? रविवारी दुपारी आपण सगळे..."

"आपण?" ती म्हणाली.

रविवारी दुपारी ती छपरावर असायची. ती कुस्ती टीव्हीवर कुठल्यातरी लांबच्या केंद्रावरून यायची आणि अँटेनाचा खांब टेकडीकडे वळवून हाताने धरून ठेवला तरच चित्र टिकायचं. सोडला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग कुणाला चढवायचं? भाऊ नाही, आधी तो लहान म्हणून, मग तो जड म्हणून. पत्रे वाकतील ना! ती हलकी. बाबा तिला काडी म्हणत. खालून ओरडत, "काडे, डावीकडे! अजून! आलं, आलं! आता हलू नकोस!" पत्रा तळपायाला चटके द्यायचा. खाली घंटा वाजायची, दोघं किंचाळायचे, काहीतरी धाडकन पडायचं, आणि ती वर खांबाला मिठी मारून विचारायची, "कोण पडलं? अरे, सांगा ना, कोण पडलं?"

रात्री भाऊ उशीवर उड्या मारून तिला सगळं करून दाखवायचा. तेवढीच तिची कुस्ती.

तरीही ती उठली आणि त्याच्या खांद्यावरून वाकली. पडद्यावर काळ्या मुखवट्याचा पैलवान दोरांना लटकत होता. हाच तो! त्याच्या नावाने तिने कितीतरी रात्री पांघरुणात डोकं खुपसलं होतं. प्रतिस्पर्ध्याने त्याचा मुखवटा धरून ओढला. निघाला. आतून घामाघूम, टक्कल पडत चाललेला, साधा चाळिशीचा माणूस निघाला.

"अरे, याला नाक आहे," ती म्हणाली.

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग हसत सुटला. "अगं, ते मी तुला थापा मारल्या होत्या! नाक नाही, नुसती दोन भोकं... बाबा, ऐकलंत का? ताई अजून तेच धरून बसलीय!"

बाबाही हसले. दोघांचं हसू एका सुरातलं. लेकही कळो न कळो, त्यांच्या बाजूने हसली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढंसं भय तिच्या मालकीचं होतं, तेही याने उचलून नेलं. "मला काजं करायचीत," ती म्हणाली आणि वळली.

त्याच क्षणी फोनवरचं चित्र थिजलं. दोघे पैलवान हवेत अर्धवट अडकले, मधे एक गोल फिरत राहिला.

"नेट गेलं," भाऊ पुटपुटला.

बाबांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली, थेट छताकडे. आणि जिभेवरचं सगळं ओझं झुगारून ओरडले, "काडे! डावीकडे!"

भावाचं हसू ओठावरच विरलं; या हाकेत त्याचा वाटा नव्हता, हे त्यालाही कळलं असावं. ते बघून तिला आत कुठेतरी गार वाटलं, खोटं कशाला बोला. बाबांना ती आठवत होती. नावानिशी, जागेसकट.

"काडे!" बाबा कासावीस झाले. "अगं, गेलं ना चित्र!"

ती दाराबाहेर गेली. जिन्याच्या कठड्याशी उभी राहिली आणि खोलीकडे न बघता ओरडली, "आता? आलं का?"

आत गोंगाट पुन्हा उसळला.

"आलं, आलं!" बाबांचा आवाज आनंदाने फाटला. "आता हलू नकोस!"

ती हलली नाही. आत कुणीतरी धाडकन पडलं. बाबा आणि भाऊ एकदमच किंचाळले. 'कोण पडलं?' हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं, पण या खेपेला तिने विचारलं नाही.

थोड्या वेळाने लेक मुठीत बटणं घेऊन बाहेर आली.

"आई, तू इथे का उभी आहेस?"

"आजोबांना नीट दिसावं म्हणून."

लेकीने दाराकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग तुला आत कोण बोलावणार?"