उजव्या दारावरची रेघ

मित्रांनो, मी एका जुन्या, दोघांपुरत्या, वेगवान गाडीचे उजवे दार आहे. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. त्या वर्षी तिथे दाराच्या साच्यात बारीकसा बदल झाला. आधीच्या दारांवरची उठावाची रेघ कडेच्या बोटभर आधी थांबत असे. नव्या दारांवर ती थेट कडेपर्यंत जाऊ लागली. जुनी उजवी दारे थोडी शिल्लक होती. ती वाया कशाला घालवायची, म्हणून मला नव्या डाव्या दाराच्या जोडीला बसवले.

गाडी औरंगाबादला एका वकिलांकडे आली. पुढे ती त्यांच्या मुलाकडे, प्राध्यापक श्रीनिवासरावांकडे गेली. मला उघडूनच ते आत बसत. येणारेजाणारे माझ्यावरून हात फिरवत, तेव्हा मला मोठा अभिमान वाटे. गाडीला पोचा आला की शहागंजमधला कडुबा तो ठोकून सरळ करी. श्रीनिवासरावांची आणि त्याची जुनी दोस्ती होती.

मग दुष्काळाची वर्षे आली. आम्ही राहत होतो त्या उस्मानपुऱ्यात नळ कोरडे पडले. अंगणात टँकरला जागा हवी, म्हणून गाडी कडुबाच्या शेडमध्ये ठेवली. पाऊस झाल्यावर कडुबाच ती परत घेऊन आला. धूळ पुसताना श्रीनिवासरावांचे बोट माझी रेघ संपते तिथे अडले. ते डाव्या बाजूला जाऊन आले. मग त्यांनी मला टकटक वाजवले, नखाने माझा रंग खरवडला.

"कडुबा, माझं दार कुठंय?"

"हेच की, सायब. म्या कशाला बदलू?"

"मग दोन्ही वेगळी कशी?"

"ते मला नाय ठावं. पण म्या हात नाय लावला."

त्यांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं बसताय गाडीत. आधी कधी नीट बघितलं होतं का?"

पण मनात शिरलेला संशय निघेना. कडुबाने नवी मोटारसायकल घेतली होती, ती कुठून? आरसा तरी मूळचा आहे का? श्रीनिवासराव चारचौघांत बोलू लागले. कडुबाची गिऱ्हाइके तुटली. पुढे रस्ता रुंद झाला, शेडही गेली आणि तो वैजापूरला निघून गेला. मला सारे माहीत होते, पण मला वाचा नव्हती.

काही वर्षांनी जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले. नाशिकच्या मनस्विनीताईंची गाडी आमच्याच सालची होती. तिची दारेही अशीच!

"जुनी दारं संपेपर्यंत कारखान्यानं अशाच जोड्या लावल्या," त्या सहज म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी श्रीनिवासरावांनी गाडी वैजापूरला नेली. कडुबाच्या दुकानासमोर उतरून त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं, कडुबा. दार मूळचंच आहे."

कडुबा म्हणाला, "आन त्या बाईंची गाडी दिसली नसती, तर?"

कडुबाने मला उघडले. मी करकरले. त्याने बिजागरीत तेलाचे थेंब सोडले, मला हलकेच लावले आणि चहाचे न विचारता तो आत गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्या जपणाऱ्या माणसावर आळ घेण्याआधी त्याचे एकदा ऐकून घ्या. मी आता आवाज न करता उघडते. कडुबा मात्र पुन्हा आमच्याकडे आला नाही.