हाल्दिसच्या स्वयंपाकघरातली खिडकी

मी एक खिडकी बोलतेय. सध्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. पण त्याआधी ऐंशी वर्षं मी नॉर्वेच्या एका बेटावरच्या घरात, समुद्राकडे तोंड करून काढली.

आन्फिन सुताराने मला पाइनच्या जुन्या, चिवट लाकडातून घडवलं. सहा तावदानं बसवली, काच हलू नये म्हणून कडेने लांबीचा लगदा भरला. काच त्या काळची, जराशी लहरी. समोरून होडी गेली की मध्येच वाकडी व्हायची आणि पुन्हा सरळ. हाल्दिस नवी नवरी होऊन आली तेव्हा ते पाहून खो खो हसली.

"अहो, तुमच्या गावात होड्यासुद्धा पिऊन चालतात!"

"मग आता मी प्यायलो तर मला बोलायचं तोंड नाही तुला," तिचा नवरा हाल्वर म्हणाला.

हाल्वर मासेमार. दर वसंतात तो मला जवसाचं तेल पाजायचा, तडकलेली लांबी खरवडून नवी भरायचा. मला त्याच्या हातांचा वास पाठ होता.

त्यांची मुलगी रान्डी सहा वर्षांची असताना तिला अंगभर लाल पुरळ उठवणारा ताप आला. डॉक्टरांनी सांगितलं, एकाच माणसाने तिच्याजवळ राहायचं. हाल्वरला होडीवर पाच माणसांत जायचं असे, म्हणून तो जाळ्यांच्या खोपटात राहू लागला. चुलीजवळ ऊब म्हणून रान्डीची खाट स्वयंपाकघरात, माझ्याखाली टाकली होती. रोज दुपारी हाल्वर बर्फ तुडवत यायचा आणि माझ्यासमोर उभा राहून सोंगं करायचा. कधी टोपीतून मासा काढायचा, कधी स्वतःच घसरून पडायचा. आतून माझ्यावर हिम साचलेलं असे. रान्डी त्यावर तळवा टेकवायची, बाहेरून तो आपला टेकवायचा. मधे फक्त मी.

चाळीस दिवस असे गेले. पोर वाचली. खरं सांगते, त्यानंतर मला खिडकी असल्याचा गर्व झाला.

पण वय कुणाला चुकलंय? हाल्वर गेला आणि मला तेल मिळेनासं झालं. खालची चौकट भुसभुशीत झाली, फटींतून वारा शिरू लागला. हाल्दिस घरात दोन-दोन स्वेटर घालून बसायची. रान्डी शहरातून आली की ओरडायची, "आई, बदल ना गं ही खिडकी!"

"मीही कुरकुरते, तीही कुरकुरते. आमचं छान चाललंय."

मागच्या हिवाळ्यात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या हाल्दिसला न्यूमोनिया झाला. कारण मी होते. जिची पोर मी जपली, तिच्याच छातीत मी थंडी भरली. रान्डीने निर्वाणीचं सांगितलं, "एक तर खिडक्या बदल, नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याकडे चल."

उन्हाळ्यात यूस्टाइन सुतार नवी तिहेरी काचेची खिडकी घेऊन आला. त्याने माझ्या चौकटीत पहार घातली आणि नेमकी रान्डीच ओरडली, "थांबा! थांबा जरा!" ती पुढे आली. काचेवर तळवा टेकवून तशीच उभी राहिली. "आई, नको काढायला. बाबा इथेच..."

हाल्दिसने तिचा हात हळूच काचेवरून सोडवून आपल्या हातात घेतला.

"अगं वेडे, तुझा बाप काय लाकडात राहतोय? मला याच घरात मरायचंय, आणि तेही इतक्यात नाही. काढ रे बाबा, यूस्टाइन."

मी कुरकुरले नाही. सहज सुटून आले.

आता इथून मला आमचं घर दिसतं. इतकी वर्षं त्यात राहिले, पण बाहेरून ते कसं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. पिवळं आहे! छपरावर गवत उगवलंय. नव्या खिडकीमागे हाल्दिस कॉफी पितेय, एकच स्वेटर घालून.

तुमच्या घरातल्या जुन्या खिडकीला वेळेवर तेल द्या. आणि तिची वेळ भरली, की रडत बसू नका. फक्त तिला अशा जागी ठेवा, जिथून तुम्ही दिसाल.