पहिला काढलेला गोल

"कुलूप लावलंय गो," पप्पा दारातूनच म्हणाले. "नवं कोरं कुलूप."

सकाळचे सव्वानऊ झाले होते. मी तेल अविवच्या बससाठी निघत होते. पप्पा, म्हणजे सॅमसन, वय चौऱ्याऐंशी, मूळचे रेवदंड्याचे ज्यू. इस्त्रीचा शर्ट घालून रोज नवाला क्लबात जायचे. अश्केलोनच्या आमच्या गल्लीतला तो म्हाताऱ्यांचा क्लब. तिथे पोटभर मराठीत भांडता यायचं, एवढीच त्याची श्रीमंती.

"दारावर कागद डकवलाय, हिब्रूत. क्लबातल्या सॅम्युएलनं वाचला. म्हणे इथे चालत येईल असं एकही म्हातारं माणूस राहत नाय. मग आम्ही काय भुतं?"

मी हसले. खरंच हसले हो! बसमध्ये बसल्यावर मात्र आठवलं. तो शून्याचा आकडा आमच्याच ऑफिसातून गेला होता, माझ्या हातून.

तीस वर्षं मी नकाशे काढतेय, आधी शाईने, आता कॉम्प्युटरवर. पंधरा क्लबांपैकी कुठले ठेवायचे हे अश्केलोनच्या नगरपालिकेला ठरवायचं होतं. शहराचा नकाशा बारीक चौकटींचा, प्रत्येक चौकटीत किती म्हातारी माणसं राहतात त्याचा आकडा. क्लबाभोवती चालण्याच्या अंतराचा गोल काढायचा आणि गोलातली माणसं मोजायची. आमच्या क्लबाचा गोल मी सगळ्यात आधी काढला. हौस, दुसरं काय!

गोल एकमेकांवर चढत होते. आणि त्या मेल्या प्रोग्रामची रीत अशी, की एक चौकट एकाच गोलाला मिळणार, तीही शेवटी काढलेल्याला. आमच्या गोलावर चारी बाजूंनी चार गोल चढले आणि त्याला एकही चौकट उरली नाही. रकाना रिकामा आला. यादीत क्लबांची नावं नव्हती, इमारतींचे क्रमांक होते. घाईत मी त्या रिकाम्या जागी शून्य भरलं. बघितलंसुद्धा नाही मी, कुणाच्या जागी भरतेय ते.

ऑफिसात पोचल्या पोचल्या एकेक गोल वेगळा घेऊन मोजला. आमच्या क्लबाचे दोनशे बारा निघाले.

"असं मोजलं तर एकच माणूस तीन क्लबांत येतो, बतशेवा," मोरान म्हणाला. तिशीतला माझा साहेब.

"येऊ दे! चालत कोण जाऊ शकतं, एवढंच विचारलं होतं त्यांनी."

वाईट नाही तो. लगेच नगरपालिकेला फोन लावला, बराच वेळ बोलला. ठराव झाला होता, जागा बालवाडीला दिली होती.

"मा लाअसोत," फोन ठेवून तो म्हणाला. काय करणार.

घरी येऊन सांगून टाकलं. "पप्पा, ते शून्य मी लिहिलं."

"तू?" म्हणाले. एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या क्लबात ते एकदाच गेले. "माणसं चांगली आहेत गो. चहा दिला. पण रशियन बोलतात." मग शर्टाला इस्त्री करणंही सुटलं. सॅम्युएल अंकल मुलाकडे लांब एलातला गेले, क्लबातल्या ॲलिस आंटी घराबाहेर पडेनाशा झाल्या. पप्पा दिवसचे दिवस गप्प. तीस वर्षांच्या कामात मी काय मिळवलं? बापाची बोलायची जागा घालवली.

हिवाळ्यात 'तू बिशवात' हा आमचा झाडांचा सण आला. दर वर्षी या सणाला क्लबात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा व्हायचा, आणि पोहे भिजवायचा मान पप्पांचा. क्लबातली मोठी परात आता आमच्याकडेच होती. सकाळी उठून बघते तर ती ओट्यावर घासूनपुसून ठेवलेली, आणि पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभे.

"किती जणांचे भिजवू गो?"

मी परातीकडे बघितलं.

"दोघांचे," मी म्हटलं.

पप्पांनी मान हलवली. ऐंशी जणांच्या त्या परातीत दोन मुठी पोहे टाकले आणि वरून हाताने पाणी शिंपडलं.