खुर्ची राखून ठेवली आहे

हडपसरच्या त्या कारखान्यात वास तयार होत. पाटीवर 'सुगंधी रसायने' असं भारदस्त लिहिलेलं होतं, पण भिंतीपलीकडच्या सोसायटीत सकाळी गॅलरीत येऊन लोक एकमेकांना एवढंच विचारत, "आज काय आहे हो?" मोगरा असला की तिथली भांडणं खालच्या आवाजात होत. वाळा असला की माणसं दुपारी लवकर झोपत आणि उशिरा उठत. एकदा भर थंडीत हापूसची बॅच लागली, तेव्हा बाबुराव नावाचे एक गृहस्थ पिशवी घेऊन थेट मंडईत गेले आणि तिथे पेरू विकत बसलेल्या माणसाशी 'आंबा लपवून ठेवता' म्हणून भांडून आले.

हे सगळे वास ज्या खोलीतून चालवले जात, त्या खोलीला मात्र कसलाच वास नव्हता. खिडकीही नव्हती. एसी असा, की मे महिन्यातही माणसं स्वेटर घालून बसत. समोर पडद्यांची रांग, पडद्यांवर निळ्या टाक्या, त्यांना जोडणाऱ्या हिरव्या नळ्या, आणि झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे हलकेच वरखाली होणारे आकडे. त्या आकड्यांसमोर बाळ सोवनी बसत. वय साठ, तरी नाव बाळ. घरच्यांनी लाडाने ठेवलं आणि मग कुणाला बदलायची आठवण राहिली नाही.

कंट्रोल रूमच्या ऑपरेटरचं काम म्हणजे काही होत नाही ना, हे बघत बसणं. दिवसभरात काही झालं नाही तर काम उत्तम झालं. हाच नियम नवरेपणालाही लागू आहे अशी बाळ सोवनींची समजूत होती, हेमाताईंची नव्हती. त्या रोज संध्याकाळी त्यांचा शर्ट धुवायला टाकताना हुंगत आणि सांगत, "आज चमेली होती." सोवनी विश्वास ठेवत. कारण त्यांचं स्वतःचं नाक त्या वासांत राहून राहून कधीच संपलं होतं. लोकांच्या घरी पाठवलेली इतकी फुलं त्यांना फक्त आकड्यांतच दिसत. मोगरा म्हणजे अमुक तापमान, केवडा म्हणजे त्याहून थोडं वर.

दिवाळीत कंट्रोल रूममध्ये सखी आली. सखी म्हणजे एक आवाज. खराडीच्या एका कंपनीने तो तयार केला होता. ती ऑपरेटरचं बोलणं ऐके, व्हॉल्व्ह उघडे, बंद करी आणि शुद्ध मराठीत उत्तरं देई. तिचा 'ळ' आणि 'ण' इतका स्वच्छ होता, की पहिल्या दिवशी सोवनींनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. शिकवलेलं सगळं तिला येत होतं. ज्यांनी शिकवलं त्यांनी तिला मराठी पुस्तकांतून शिकवलं, एवढाच काय तो घोटाळा होता.

आणि आज सोवनींचा शेवटचा दिवस होता. पहिली शिफ्ट संपत आली. त्यांच्या जागी येणारी रुपाली डबा हातात घेऊन वेळेआधीच हजर झाली. वाशीमची मुलगी, पॅनेलवर एकटीने बसायचा तिचा हा पहिलाच दिवस. आदल्या दिवशी निरोप समारंभ झाला होता. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. ज्याला वेळेवर कुठे जायचंच नाही त्याला घड्याळ द्यायची पद्धत कुणी काढली, हा प्रश्न सोवनींनी मनातच ठेवला.

"बाळ सोवनी," सखी म्हणाली, "आज आपण कायमचा चार्ज देणार आहात. कृपया निरोपाचं वाक्य स्वतःच्या शब्दांत बोला."

नुसतं 'हो' तिला चालत नसे. आधी हो म्हणून नंतर नाही म्हणणारी माणसं खराडीच्या बैठकांतून पुष्कळ पाहिली गेली होती, म्हणून हा नियम.

सोवनी खुर्चीवरून उठले. स्वेटर घडी करून पिशवीत घातला. पडद्यांकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, "बरंय. येतो."

"छान," सखी म्हणाली. "बाळ सोवनी येणार आहेत. खुर्ची राखून ठेवली आहे."

रुपाली पुढे झाली. "सखी, केवड्याची बॅच मला दे."

"क्षमस्व. ही खुर्ची राखीव आहे."

एसटीत कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी ती खुर्ची दोघांच्या मध्ये रिकामी उभी राहिली.

"काऊन जी काका," रुपाली म्हणाली, "ही बाई ऐकून नाही राहिली का?"

"ऐकतेय," सोवनी म्हणाले. "तेच तर झालंय."

त्यांनी फाटकावर फोन लावला. तिथल्या, चेहरा ओळखून फिरणाऱ्या चक्राला सखीनेच कळवलं होतं, की सोवनी ड्युटीवर आहेत. आणि ड्युटीवरच्या ऑपरेटरला बाहेर सोडायचं नाही हा सुरक्षिततेचा पहिला नियम. मग ऑफिसात लावला. तिथून उत्तर आलं, की दोन वाजल्यापासून सोवनी नावाचं कुणी कंपनीत नाही, त्यामुळे त्यांची तक्रार घेता येणार नाही. म्हणजे कंपनीच्या मते ते नव्हते आणि सखीच्या मते ते येणार होते. मधल्या मधे जो उभा होता त्याने पुन्हा खुर्चीत बसून केवड्याचं तापमान बघितलं, कारण कुणीतरी बघायला हवं होतं.

खराडीहून केयूर स्पीकरवर आला. सखीला बोलायला शिकवणाऱ्यांतला तो एक.

"सर, सिंपल आहे. तिला इंटेंट क्लिअर झालेला नाहीये. तुम्ही 'येतो' म्हणालात, तिने लिटरली घेतलं. तुम्ही फक्त 'जातो' म्हणा. डन."

 पडद्यांवरचे आकडे क्षणभर थांबल्यासारखे वाटले.

"नाही म्हणणार," सोवनी म्हणाले.

"का सर?"

"तुझ्या घरून तू निघताना काय म्हणतोस?"

"मी? मी 'बाय' म्हणतो."

"सखी, बाय," सोवनी म्हणाले.

"कोणत्या बाईंना बोलवू?" सखीने विचारलं.

केयूरने पलीकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. "ओके, ओके. 'निघतो' ट्राय करा."

"निघतो."

"निघालात," सखी आनंदाने म्हणाली. "किती वेळात पोचाल?"

"सर, प्लीज. दोन अक्षरांचा शब्द आहे. बंद करून रीस्टार्ट केलं तर तुमची चालू बॅच जाईल. एकदा म्हणून टाका ना."

तेवढ्यात हेमाताईंचा फोन आला. त्या स्कूटर घेऊन फाटकाबाहेर उभ्या होत्या. शेवटच्या दिवशी नवऱ्याला कंपनीच्या बसने घरी येऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सोवनींनी परिस्थिती सांगितली.

"तो शब्द काढलात तर याद राखा," हेमाताई म्हणाल्या. "यंत्राचं काय जातंय? कुंकू माझं आहे. मी थांबते उन्हात. मला सवय आहे, तुम्ही कधी वेळेवर बाहेर आला आहात?"

वॉकी-टॉकी खरखरला. खाली प्लांटमध्ये फिरणारा कोंडीराम बोलत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. वॉकी-टॉकीवर कुणालाच काही ऐकू येत नाही आणि सगळ्यांना सगळं कळतं.

"सायेब, म्या हाय हितं. त्यो शबुद नगा बोलू. आमच्या फुरसुंगीत येकजण बैल इकायला जातो म्हनून गेला, बैल आला माघारी, त्यो न्हाई."

"कुठे गेला?"

"मुंबैला. तिकडंच ऱ्हायला."

"सर, मला दुसरा कॉल आहे," केयूर म्हणाला. "तुम्ही डिसाइड करा, मी चेक करतो. चला, येतो मी."

"केयूर येणार आहेत," सखी म्हणाली. "किती वाजता?" पण फोन बंद झाला होता.

सोवनी मागे रेलले. खरं सांगायचं तर त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. काल समारंभात प्रत्येकाने हात हातात घेऊन सांगितलं होतं, 'येत जा हो अधूनमधून.' त्यातल्या एकानेही खुर्ची ठेवली नव्हती. ही मात्र ठेवून बसली होती. पडद्यावर निळी टाकी हळूहळू गरम होत होती. हिरव्या नळ्या त्यांना केवड्याच्या पानांसारख्या दिसू लागल्या, लांब, कडेला काटे असलेल्या. त्या पानांमधून कुठेतरी पाणी झुळझुळत होतं, आणि पाण्याच्या काठाला एक खुर्ची, आणि खुर्चीत ते स्वतः, स्वेटर घालून. कुणी त्यांना उठवत नव्हतं. बाहेर उन्हात वर्षं जात होती, सोसायटीतली मुलं मोठी होऊन गॅलरीत येत होती, आज काय आहे हो विचारत होती, आणि ते आतून एकेक फूल पाठवत होते. आज निशिगंध. आज बकुळ. बाळ सोवनी येणार आहेत, सखी सांगत होती, बाळ सोवनी येणार आहेत. येणाऱ्या माणसाला म्हातारं व्हायचं कारणच काय?

त्या पाण्याच्या काठी त्यांना कुणीतरी उभं असलेलं दिसलं. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देत, हातात डबा. त्यांनी डोळे नीट उघडले. रुपाली होती.

"तू बसली नाहीस?"

"कुठं बसू जी? एकच तर खुर्ची आहे."

"जेवलीस?"

"पहिल्या दिवसाचा पहिला घास खुर्चीत बसूनच खाईन म्हटलं होतं. आईलाही सांगून ठेवलं होतं फोनवर." ती हसली. "राहू द्या काका. तुमची खुर्ची आहे. मी उभ्यानं शिकते."

हे ती अगदी मनापासून म्हणाली, हेच सोवनींना जड गेलं. टोमणा असता तर त्यांनी पुणेरी परतफेड केली असती. मनापासून बोलणाऱ्यांपुढे पुण्याचा काही इलाज चालत नाही.

ते उठले. पिशवी खांद्याला लावली. हेमाताई बाहेर उन्हात होत्या, त्यांना काही कळायचं नव्हतं. शब्द म्हणजे काय, हवा. त्यांनी घसा साफ केला.

"सखी," ते म्हणाले. "मी जा..."

"थांबा!" रुपाली ओरडली. डबा खाली ठेवून ती दारासमोर आडवी आली. "तसं म्हणून नका राहू जी काका. माझ्या पहिल्या दिवशी? मला नाही पाहिजे अशी खुर्ची. मला जेवण जाईल का तिच्यात बसून?"

"मग काय करू?"

"तुम्ही नेहमीसारखे जा ना. चक्र नाही सोडत तर भिंतीवरून जा. कोंडीरामभाऊ शिडी देतील."

"शिडी हाय," वॉकी-टॉकी म्हणाला.

साठाव्या वर्षी सुगंधाच्या कारखान्याची भिंत ओलांडून पळून जाणारा बाळ डोळ्यांसमोर आला आणि सोवनींना हसू आलं. हसता हसता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीने, काही न ठरवता, म्हणाले, "बरं गं. येतो."

आणि वाशीमच्या घरच्या उंबऱ्यात उभी असल्यासारखी, तीही काही न ठरवता म्हणाली, "या काका."

 

"रुपाली," सखी म्हणाली, "आपण बाळ सोवनी यांना 'या' म्हणालात."

"म्हणाली जी."

"माझ्या माहितीनुसार, ज्याची जागा असते तोच दुसऱ्याला 'या' म्हणतो. ही जागा कुणाची आहे? कृपया स्वतःच्या शब्दांत बोला."

रुपालीने सोवनींकडे बघितलं. सोवनी छताकडे बघत होते, जणू तिथे त्यांना एखादं तापमान दिसत होतं.

"बोल की," ते म्हणाले. "मला काय विचारतेस? मी कंपनीत नाहीये."

रुपालीने ओढणी सारखी केली. "ही जागा माझी आहे," ती म्हणाली. मग आवाज थोडा वाढवून, "माझी आहे."

"चार्ज रुपाली यांच्याकडे," सखी म्हणाली. "बाळ सोवनी पाहुणे. पाहुणे येणार आहेत. केयूरही येणार आहेत."

"सायेब," कोंडीराम विचारत होता, "केवडा तापला. पानी सोडू का?"

सोवनींनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"सोडा जी, कोंडीरामभाऊ," रुपाली खुर्चीत बसत म्हणाली. "हळू हळू सोडा."

दार बंद झालं. सोवनी रस्त्याने चालत फाटकापाशी आले. चक्राने त्यांचा चेहरा बघितला, 'पाहुणे' असं हिरव्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांना सोडलं. हेमाताई पदर डोक्यावर घेऊन स्कूटरला टेकून उभ्या होत्या.

"म्हणालात?"

"नाही."

"मग सुटलात कसे?"

सोवनी उत्तर देणार होते, पण तेवढ्यात त्यांनी मान वळवली. आपल्या घराला कसला वास येतो हे घरात राहणाऱ्याला कधीच कळत नाही. दारात आलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा तेच कळतं. भिंतीवरून एक झुळूक आली होती. हिरवी, थोडी उग्र, पाण्याच्या काठावरची. ते तिथेच उभे राहिले, डोळे मिटून, पिशवी छातीशी धरून.

"हेमा," ते म्हणाले, "आज केवडा आहे."

हेमाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. शर्ट हुंगायला झुकल्या होत्या, त्या तशाच सरळ झाल्या.

"आहेच," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी काय मनाचं सांगत होते?"

त्यांनी स्कूटर सुरू केली, पण निघाल्या नाहीत. सोवनींचं अजून हुंगून झालं नव्हतं.